सिलिंडरची खांदशेकणी

माझी मोठी जाऊ कौशल्या एका जागी बसत नसे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, बाई आपल्यावर रागावलेली दिसते, म्हणून समोर बसत नाही. पुढे कळलं की ती कोणासमोरच बसत नाही. जेवायची उभ्याउभ्या, चुलीपाशी, हातावर भाकर आणि भाकरीवरच पिठलं. निम्मी भाकर झाली की हिला गोठ्यातलं काहीतरी आठवणार, आणि उरलेली निम्मी ती वाटेत संपवणार. तिच्या माहेरी, तेल्हाऱ्याला, मी एकदा गेले होते. तिची आई हात जोडून म्हणाली, "काय सांगू बाई, लग्नात हिले पाटावर धरून बसवाले दोघी लागल्या. अंतरपाट धरेल अन् हे म्हने, वासरू सुटलं वाटते!"

मी अमरावतीची, मराठी सातवी पास, आणि तोंडाने तिखट. मला तिचा राग यायचा. घरात असली बाई असली की दुसरी आपोआप आळशी ठरते. मी बसून तांदूळ निवडले तरी सासू, होती तोवर, म्हणायची, "लीलाबाई बसल्या!"

तिचा नवरा, म्हणजे माझे भासरे खुशालराव, अगदी उलट. शांत गडी. शेतात जाणार, बैलांशी बोलणार, घरी येऊन गप्प बसणार. वजीर आणि कबऱ्या ही त्यांची जोडी. बायकोपेक्षा बैलांशी जास्त बोलायचे, असं कौशल्याच म्हणायची. पण तरुणपणी, शेत भावकीच्या भांडणात अडकलं होतं तेव्हा, त्यांनी अमरावतीच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बरेच हंगाम काढले होते. दिवसभर कापसाच्या धुरळ्यात उभं राहायचं. तो धुरळा छातीत जाऊन बसला तो बसलाच. आधी खोकला, मग दम, आणि एकोणीसशे चौसष्टच्या उन्हाळ्यात अशी पाळी आली की खाटेवरून दारापर्यंत चालायचं तर मध्ये थांबावं लागे. ओठ जांभळे पडत.

अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, दवाखान्यात ठेवा, नाहीतर घरी ऑक्सिजनची सोय करा. भासऱ्यांनी मान हलवून सांगितलं, घरी. "मले अथून बैल दिसत नाईत," म्हणाले. डॉक्टर हसले. आम्ही हसलो नाही, कारण आम्हाला माहीत होतं की माणूस खरंच सांगतो आहे.

तर अशी ती हवेची टाकी त्या पावसाळ्यात, पोळ्याच्या जरा आधी, आमच्या घरी आली. आमचं गाव वलगावापासून आत, काळ्या मातीची वाट. पावसाळ्यात तिथे मोटार येत नाही. अमरावतीच्या ऑक्सिजनच्या दुकानाची जीप वलगावच्या फाट्यापर्यंत आली आणि तिथून आमची रेंगी, म्हणजे हलकी बैलगाडी, वजीर-कबऱ्याने ओढत आणली. चिखलात पुन्हा पुन्हा येणं नको म्हणून दोन टाक्या एकदम आणल्या होत्या, एक चालू करायला आणि एक राखीव. जाड लोखंडाची नळकांडी, अंग काळं आणि वरचा खांदा पांढरा रंगवलेला. त्यावर पितळी चावी, चावीला काट्याचं घड्याळ, पुढे पाण्याची काचेची बाटली आणि तिथून नाकापर्यंत रबरी नळी. हवा सुरू झाली की बाटलीत बुडबुडे येत. सगळं गाव बुडबुडे बघायला लोटलं.

दुकानाचा फिटर धर्मपाल बरोबर आला होता. धर्मपालने टाकी बसवली आणि सगळ्यांना समोर उभं करून समजावून सांगितलं. खोलीत दिवा नाही, चूल नाही, विडी नाही, उदबत्तीसुद्धा नाही. काटा लाल रेघेवर आला की टाकी बदलायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, "तेल, तूप, लोनी, गाडीचं ओंगन, कायबी असो, चावीले लागू द्याचं नाई. आमच्या वळखीच्या एका मिस्त्रीनं तेलाच्या हातानं चावी फिरवली. असा भडका उडाला बाई, त्याच्या भुवया पुन्हा उगवल्याच नाईत. चिकट लागलंच, तर टाकी उघडू नोका, पुसू नोका, मले वापस पाठवा."

हे सगळं मी ऐकलं. माझा नवरा महादेवराव, त्यानेही ऐकलं. कौशल्या कुठे होती? चहा करायला! पाहुणा आला आणि ही उभी राहून ऐकेल, असं कसं होईल? चुलीपासून गोठा, गोठ्यापासून चूल. चहा आणला तो घरच्या चांगल्या कपबशीत. शेजारच्या पार्बताबाईने भुवई वर केली, कारण धर्मपाल बौद्ध, आणि आमच्या गावाला त्या काळी कपबशीची फार फिकीर. कौशल्या तिला म्हणाली, "मानूस मालकाचा श्वास घेऊन आला, अन् तुले कपाची पडली!" पार्बताबाईने भुवई खाली घेतली. मला त्या दिवशी जावेचं फार कौतुक वाटलं. पण धर्मपालचं सांगणं तिच्या कानावर गेलं नव्हतं, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

त्यानंतर आमच्या घराची झोप उडाली. टाकी आल्यावर माणूस निश्चिंत व्हावा की नाही? पण त्या काट्याने जीव खाल्ला. येता-जाता काटा बघायचा. कौशल्या तर दर घडीला. कणीक मळताना हात तसाच पिठाचा आणि बाई दारात उभी, "लीले, काटा कुठी हाये वो?" मी सांगायचे, आहे तिथेच आहे, तुम्ही बघितल्याने तो वर चढणार नाही. भासरे खाटेवर उशांना टेकून बसलेले, समोरच्या उघड्या दारातून गोठा बघत. चूल आम्ही पार पडवीच्या टोकाला नेली. पावसाची झड आली की ती विझायची, मग धूर, मग माझ्या शिव्या.

पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे सोलवटलेले असतात. ते कोमट पाण्याने शेकायचे, हळद आणि लोणी चोळायचं आणि मग त्यांच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." एकदा हे आवतण दिलं की जू चढवायचं नाही. पोळा होईपर्यंत बैल पाहुणा.

दरवर्षी हे भासरे करत. त्या वर्षी त्यांनी कौशल्याला सांगितलं, तू कर, मी आवतण देतो. सकाळीच वजीर आणि कबऱ्याला दारासमोर आणलं. कौशल्याने मनगटापर्यंत लोणी घेऊन खांदे चोळले. भासऱ्यांनी खाटेवरून, मध्ये दोनदा थांबून, आवतण दिलं. वजीरने मान हलवली. भासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही आलं, त्यात लपवायचं काय?

मी बैलांमागचं शेण उचलून आत आले. बघते तर काय! कौशल्या कोपऱ्यातल्या राखीव टाकीपुढे उकिडवी बसलेली, द्रोणात उरलेलं हळद-लोणी, आणि बाई टाकीचा पांढरा खांदा चोळते आहे. खांदा पिवळाधमक. चावीला लोणी. चावीच्या तोंडात बोट घालून, लेकराच्या कानात तेल घालावं तसं, आतसुद्धा लोणी.

"हे काय करून राहिल्या तुमी?"

"खांदशेकनी," ती म्हणाली. "हे टाकी आता कामाले लागन. पह्यलीचा काटा लाल रेघीवर आला. थांब, हात पुसते अन् बदलवते."

आणि तिने तसाच लोण्याचा हात टाकीच्या पान्याकडे नेला. मी शेणाच्या हाताने तिचं मनगट धरलं आणि एवढी ओरडले की गोठ्यातून महादेवराव धावत आला. मोठी जाऊ आहे, खाटेवर भासरे आहेत, डोक्यावरचा पदर पडला आहे, मला कशाचं भान राहिलं नाही. "भडका उडन! सारे जळून मरू! अक्कल हाये का तुमाले? त्या दिवशी धर्मपालभाऊ घसा फोडून सांगत होते तवा कुठी होत्या तुमी?"

कौशल्याने माझ्याकडे पाहिलं. मग टाकीकडे. तिचं तोंड पांढरं पडलं.

"बैल गाडी वढते, त्याच्या खांद्याले आपन लोनी लावतो," ती हळूच म्हणाली. "हे तं ह्यायचा श्वास वढून राहिली. हिले काहीच नाई? मले वाटलं, हिलेबी बरं वाटन."

मी कपाळाला हात लावला, तर कपाळालाही शेण लागलं.

महादेवराव त्याच पावली निघाला. वलगावपर्यंत पायी आणि तिथून एसटीने अमरावती. ठरलं ते असं: धर्मपालला गाठायचं, नवी टाकी जीपने फाट्यावर आणायची. लोणी लागलेली टाकी आम्ही उचलून लांब अंगणाच्या टोकाला उघड्यावर ठेवली. मग साबणाने हात धुऊन, कोरडे करून मी चालू टाकीची हवा कमी केली. बाटलीतले बुडबुडे मंद झाले आणि भासऱ्यांची छाती जोरात उडायला लागली. किती वेळ पुरेल? कोणाला माहीत! काटा लाल रेघेच्या खाली चालला होता.

कौशल्याने गोठ्याकडे धाव घेतली. रेंगी बाहेर ओढली, वजीरचा दोर सोडला. फाट्यावरून टाकी आणायची तर गाडी तिथे हजर पाहिजे. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. भासरे हात वर करून नको नको करत होते.

"जुंपू... नोको."

"काहून?"

"आवतन... देल्लं मी."

"तुमच्या जिवाले हवा नाई, अन् तुमाले आवतनाचं पडलं!" कौशल्या कडाडली.

"जबान हाये. थे मुकं जनावर... कोनाले सांगन?" मग बराच वेळ नुसती छाती वरखाली. "गावातला... कोनाचाच बैल जुंपाचा नाई."

मला तर असा संताप आला! मरायला टेकलेल्या माणसाचा हट्ट, दुसरं काय? मी पदर सावरून, भासऱ्यांशी बोलायचं नसतं तरी बोलले, "भाऊजी, बैल काही रागावणार नाहीत, आम्ही त्यांच्या पाया पडू." त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली, नाही. कौशल्याला आपला नवरा माहीत होता. तिने वजीरला पुन्हा बांधलं, पाठीवर थाप मारली, पदर कमरेला खोचला आणि सरळ जाऊन रेंगीचं जू उचललं.

"ठीक हाये," ती दाराकडे तोंड करून म्हणाली. "तुमचे पाव्हने बसू द्या. मी कोनाचं आवतन घेतलं नाई. लीले, चाल."

"म्हंजे? आपण ओढायची?"

"मंग काय नाचाची?"

काटा आणि बुडबुडे बघायला पार्बताबाईला बसवलं, खोलीत कोणालाही विडी घेऊन येऊ देऊ नको असं बजावलं, आणि आम्ही निघालो. 'आ बैल मुझे मार' म्हणतात ते असं! एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. काळ्या मातीचा चिखल म्हणजे काय ते वऱ्हाडात राहिलेल्यालाच कळेल. पाय घातला की माती पाय परत देत नाही. चाकाला माती चढते, चाक दुप्पट जाड होतं, मग काठीने ती खरवडायची आणि पुन्हा ओढायचं. लोक पोळ्याच्या तोरणासाठी आंब्याची पानं तोडत होते. बायका जू घेऊन चालल्यात हे बघून हसावं की धावून यावं, ते त्यांना कळेना. एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय वो कौशल्याबाई, बैल मेले का?" कौशल्या न थांबता म्हणाली, "बैल पाव्हने हायेत!"

सबंध वाट ती बोलत होती. तिला गप्प राहणंही जमत नसे. "लीले, म्या काहून ऐकलं नाई वो? दोन घडी उभी राह्यली असती तं काय झालं असतं? चहाच्या पायी माह्या नवऱ्याची हवा गेली." मी म्हटलं, आता रडू नका, श्वास ओढायला ठेवा. तर म्हणाली, "माहा श्वास कायले ठेवू, त्यायले देता आला असता तं देल्ला असता." मग मीच रडले. ती रडली नाही, तिला वेळ नव्हता.

फाट्यावर जीप आली तेव्हा ऊन उतरलं होतं. धर्मपालने आम्हाला जुवाखाली पाहिलं आणि उडीच मारली. "बाई, सरका, मी वढतो." महादेवराव म्हणाला, "वैनी, तुमी मागं बसा." तिने ऐकलं असतं तर ती कौशल्या कसली! टाकी चढवली आणि माझ्या बाजूला कधी धर्मपाल, कधी महादेवराव, कधी वाटेत भेटलेला कोणी गडी. दुसरी बाजू तिने घरापर्यंत सोडली नाही. गावाजवळ आलो तेव्हा तिच्या चोळीचा खांदा फाटला होता आणि खाली कातडं सोलून लाल झालं होतं.

अंगणात पार्बताबाई उभी होती. "बुडबुडे बंद पडले वो," ती म्हणाली. "आत्ताच."

धर्मपालने हात साबणाने धुतले, कोरडे केले, टाकी आत नेली. पाना फिरवताना तो काहीतरी पुटपुटत होता. भासऱ्यांचे ओठ जांभळे झाले होते आणि डोळे अर्धे मिटलेले. कौशल्या उंबऱ्यावर उभी, एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. बाटलीतलं पाणी गप्प. मग एक बुडबुडा आला. मग एक. मग पाणी खळखळायला लागलं. आम्ही सगळे त्या बाटलीकडे बघत उभे राहिलो, आणि ओठांचा रंग परत यायला लागला तेव्हा पार्बताबाईने मोठ्याने "माय माय माय" म्हणून भुईलाच नमस्कार केला.

खोलीत दिवा लावायचा नव्हता, पण दारातून अजून उजेड येत होता. भासऱ्यांनी डोळे उघडले. त्यांची नजर कौशल्याच्या खांद्यावर गेली आणि तिथेच राहिली.

"जू?" त्यांनी विचारलं.

"मंग काय तं," ती म्हणाली. "मी जाते, वजीरले पानी दाखवलं नाई अजून."

"अथी ये. बस."

"मले वेळ नाई."

"बस, म्हनतो."

ती खाटेपाशी जमिनीवर बसली. भासऱ्यांनी माझ्याकडे बघून बोटाने पडवीतला द्रोण दाखवला. त्यात सकाळचं हळद-लोणी तळाला उरलं होतं. मी दिला. धर्मपाल एकदम टाकीच्या आणि खाटेच्या मध्ये उभा राहिला. "मालक, लोनी बाईच्या खांद्यालेच. नाकाले, नळीले हात लावाचा नाई. मंग मी साबन देतो, मनगटावरोक धुवा." आणि मी टाकीला पाठ लावून खाली बसले, कोणी येऊन तिला हात लावील तर बघतेच, अशी.

भासऱ्यांनी दोन बोटं लोण्यात बुडवली. सोललेल्या कातड्यावर लोणी लागलं तेव्हा कौशल्याने ओठ चावला.

"मी बैल हाये का?" ती म्हणाली.

"बैल एवढा... बडबड करत नाई."

धर्मपाल तोंड फिरवून हसला. भासऱ्यांनी खांदा चोळला, थांबले, दम घेतला, पुन्हा चोळला. मग खाली वाकून, बैलांना सांगतात तसं, तिच्या कानाशी म्हणाले, "आज आवतन घ्या. उद्या जेवाले या."

"अन् पुरन कोन वाटन? मीच न!"

"मी वाटीन," मी म्हणाले. "तुम्ही उद्या चुलीपाशी आलात तर लाटणं फेकून मारीन."

ती हसली. मग हसता हसता तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसातला पहिला हुंदका तिच्या तोंडून बाहेर पडला.

"आवतन तं देल्लं तुमी," ती म्हणाली. "पन उद्या घरी असान न?"

भासऱ्यांनी श्वास जमवला. "हाव," म्हणाले.

ते त्या हिवाळ्यात गेले. पण ते नंतर. पोळ्याच्या दिवशी गावात ताशा वाजला, वजीर आणि कबऱ्या झूल घालून, शिंगं रंगवून दारात आले, त्यांना ओवाळलं, पुरणपोळी चारली. मग मी खाटेसमोर पाट मांडला आणि घरात कोणाच्याही आधी कौशल्याचं ताट वाढलं. ती आली, आणि बसली. मांडी घालून, पदर सावरून, खांद्याला हळद तशीच. बाटलीत बुडबुडे चालले होते. भासरे उशीला टेकून तिच्याकडे बघत होते. बाहेर एक वासरू सुटून हंबरत फिरत होतं, तिने दाराकडे पाहिलं, पण उठली नाही.

"पाह्य," भासरे म्हणाले. "हाये न घरी?"

कौशल्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे आणखी एक पोळी मागितली.